थायरॉइडच्या गोळीने पांढऱ्या पेशी कशा गेल्या?

प्रश्न थोडक्यात असा. चौतिशीतल्या बहिणीला थायरॉइड वाढल्याचं निदान झालं आणि कार्बिमाझोल सुरू झालं. पाच आठवड्यांनी घसा दुखून ताप भरला. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. दोन दिवसांत उतार पडेना म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) केली, तर पांढऱ्या पेशी ११००. दाखल करावं लागलं, इंजेक्शनं झाली, आता ती बरी होऊन घरी आली आहे. डॉक्टर म्हणाले, "गोळीमुळे झालं." तुम्ही विचारता की थायरॉइडच्या गोळीचा रक्ताशी संबंध काय? गोळीआधीचा रिपोर्ट नॉर्मल होता, मग आधी कळलं का नाही? आणि आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, ते बंद करावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात घाईने काहीतरी करून बसण्याचा धोका आहे. आईची गोळी तुमच्या मनाने बंद करू नका. ती आज हिंडती-फिरती आहे ती बऱ्याच अंशी त्या गोळीमुळे. दोन्ही औषधं रक्ताला त्रास देऊ शकतात हे खरं, पण एकाचा त्रास अचानक येतो आणि दुसऱ्याचा बहुतेक वेळा चाहूल देत येतो. त्यामुळे एकीवरून दुसरीचं काही ठरवता येत नाही. या फरकातच तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

बहिणीचा रिपोर्ट तुम्ही पाठवलाय: एकूण पांढऱ्या पेशी ११००, त्यात न्यूट्रोफिल २ टक्के, लिम्फोसाइट ९२ टक्के (हे दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार), हिमोग्लोबिन १२.४, प्लेटलेट्स २ लाख ६० हजार. असा कागद हातात आला की पुष्कळांची नजर त्या ९२ टक्क्यांवर जाते. लिम्फोसाइट वाढलेत, म्हणजे व्हायरल असणार, दोन दिवस बघू. इथेच फसगत होते. टक्के बाजूला ठेवून गुणाकार करायचा. ११०० चे ९२ टक्के म्हणजे हजाराच्या आसपास लिम्फोसाइट. वाढलेले नाहीतच, उलट जेमतेम आहेत. आणि ११०० चे २ टक्के म्हणजे २२. एका मायक्रोलिटर रक्तात जिथे किमान दीड हजार न्यूट्रोफिल हवेत, तिथे तिच्याकडे बावीस होते. ५०० च्या खाली आकडा गेला की आम्ही ती तातडीची अवस्था धरतो. बावीस म्हणजे जंतूंशी लढणारी पहिली फळी नाहीच असं समजायचं. याला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात.

हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स जागेवर होत्या, हेही महत्त्वाचं. घरच्यांच्या मनात पहिली धास्ती असते ती ब्लड कॅन्सरची. तुमच्याही असणार, तुम्ही लिहिलं नाहीत इतकंच. कॅन्सरमध्ये किंवा अख्खा बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात) बंद पडतो तेव्हा सहसा तिन्ही प्रकारच्या पेशी कमी-जास्त घसरतात. एकट्या न्यूट्रोफिल सफाचट आणि बाकीचं शाबूत, वर पाच आठवड्यांपूर्वी सुरू केलेलं कार्बिमाझोल, असं चित्र असेल तर निदान जवळपास तिथेच होतं. शंका उरलीच तर बोन मॅरो तपासतात.

न्यूट्रोफिलच आधी का संपतात, हे पेशींच्या आयुष्यावरून कळतं. लाल पेशी रक्तात सुमारे १२० दिवस राहते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि न्यूट्रोफिल जेमतेम काही तास ते एखादा दिवस. मॅरोमधून त्यांचा पुरवठा अखंड चालू असतो म्हणून आकडा टिकतो. पुरवठा तुटला की काही दिवसांतच रक्तातला साठा संपतो, आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला काही झाल्याचं दिसतसुद्धा नाही.

आता थायरॉइडच्या गोळीचा इथे काय संबंध? कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर त्याचं मेथिमाझोल होतं आणि ते थायरॉइड ग्रंथीतलं संप्रेरक तयार करणारं एन्झाइम अडवतं. काही मोजक्या लोकांत मात्र औषधाचे अंश न्यूट्रोफिलच्या प्रथिनांना चिकटतात. आपली प्रतिकारशक्ती त्या जोडगोळीला परकं समजते, तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवते, आणि रक्तातल्या न्यूट्रोफिलबरोबर मॅरोमध्ये तयार होत असलेल्या त्यांच्या पूर्वज पेशीही मारल्या जातात. निदान आजची समजूत अशी आहे; सगळे दुवे जुळलेले नाहीत. प्रतिकारशक्तीशी निगडित काही विशिष्ट एचएलए जनुकं असलेल्यांत हे जास्त होतं असं पूर्व आशिया आणि युरोपातल्या अभ्यासांत दिसलंय, पण रोजच्या व्यवहारात तपासून घ्यावी अशी चाचणी आपल्याकडे रूढ नाही.

प्रमाण सांगायचं तर ही औषधं घेणाऱ्या दर २०० ते ५०० जणांत एकाला असं होतं. बहुतेकांना पहिल्या तीन महिन्यांत. डोस जास्त असेल तर धोका थोडा वाढतो, पण कमी डोसवरही होतं. आणि एक बारीक गोष्ट फार जणांना माहीत नसते. पूर्वी हेच औषध वर्षभर बिनतक्रार घेतलेल्या माणसाला, मध्ये खंड पडून ते पुन्हा सुरू केल्यावरही हे होऊ शकतं. "मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं" या भरवशावर राहू नये.

मग आधी का कळलं नाही? गोळी सुरू करण्याआधी सीबीसी करतात ती पुढचं भाकीत करायला नव्हे. थायरॉइड वाढलेल्या काहींच्या पांढऱ्या पेशी त्या आजारामुळेच किंचित कमी असतात. पुढे तुलना करायची वेळ आली तर सुरुवातीचा आकडा हाताशी हवा, एवढाच तिचा उपयोग. नंतर नियमित तपासण्या केल्या असत्या तर? जपानमध्ये पहिले दोन-तीन महिने दर दोन आठवड्यांनी काउंट बघण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या थायरॉइड तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शनात मात्र तसा आग्रह नाही, कारण हा आकडा टप्प्याटप्प्याने उतरत नाही, कोसळतो. सोमवारचा रिपोर्ट नॉर्मल आणि शनिवारी ताप, असं सर्रास घडू शकतं. माझं मत विचाराल तर तपासणी परवडत असेल तर जरूर करा, पण नॉर्मल रिपोर्टला कवच समजू नका. बहिणीच्या बाबतीत खरा उपयोग झाला असता तो चिठ्ठीवरच्या एका वाक्याचा: "ताप आला, घसा दुखला किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी सीबीसी करा आणि मला दाखवा." हे वाक्य लिहून द्यावं लागतं. ओपीडीच्या गर्दीत तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. रुग्णानेही ताप आल्यावर नव्या डॉक्टरांकडे गेलं तर आधी सांगायचं, "मला थायरॉइडची गोळी चालू आहे." तुमच्या बहिणीने ते सांगितलं होतं का, मला माहीत नाही, पुष्कळजण सांगत नाहीत, कारण घसा आणि थायरॉइडची गोळी यांचा संबंध कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे बरं वाटलं, असंही धरू नका. न्यूट्रोफिल नसलेल्या माणसाचा संसर्ग वरून सौम्य दिसतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलच. त्या नाहीत तर घशात पू दिसणार नाही, छातीच्या एक्स-रेवर डाग उमटायला वेळ लागेल, आणि तेवढ्यात जंतू रक्तात पसरलेले असतील. म्हणून अशा रुग्णाला कल्चरचं रक्त घेऊन लगेच, रिपोर्टची वाट न पाहता, शिरेतून जोरदार अँटिबायोटिक देतात. सोबत मॅरोला न्यूट्रोफिल बनवायला लावणारं फिल्ग्रास्टिमसारखं इंजेक्शन देतात. औषध थांबल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत काउंट परत वर येतो. तिचाही आला.

हा आजार काही आजचा नाही. बर्लिनच्या वेर्नर शुल्ट्झ यांनी १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि १९३० च्या दशकात बोट गेलं ते तेव्हाच्या एका लोकप्रिय वेदनाशामकाकडे, अमिडोपायरिनकडे. त्याच्याच कुळातलं मेटामिझोल आपल्याकडे ॲनाल्जिन म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलं. भारतात २०१३ मध्ये त्यावर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी अटी घालून ती उठवली गेली. घरातल्या जुन्या डब्यात अशी गोळी सापडली तर डोकेदुखीसाठी ती तोंडात टाकायची काही गरज नाही.

नियमित तपासणीचा उपयोग नसतोच, असा अर्थ मात्र काढू नका. क्लोझापिनची गोष्ट याच्या उलट आहे. स्किझोफ्रेनियावरचं हे अतिशय गुणी औषध. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या आठ रुग्णांचा न्यूट्रोफिल जाऊन मृत्यू झाला आणि अनेक देशांतून ते जवळजवळ हद्दपार झालं. पुढे ते परत आलं ते रक्ततपासणीच्या बंधनासह. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला काउंट, नंतर महिन्यातून एकदा, ही पद्धत आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञ पाळतात. इथे घसरण बऱ्याचदा थोडी हळू असते, म्हणून आठवड्याची तपासणी ती पकडते, आणि त्यामुळे मृत्यू खूप कमी झाले. कुणाच्या घरी हे औषध चालू असेल तर "आता बरा आहे, कशाला दर वेळी सुई" म्हणून तपासणी चुकवू नये.

आता आईकडे येऊ. मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिडच्या वाटेत आडवं येतं. ज्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणजे मॅरोतल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या, त्यांना फॉलिक ॲसिड सतत लागतं. संधिवातात डोस इतका छोटा असतो की मॅरो तो निभावून नेतो. पण हा निभाव डोसवर आणि किडनीवर अवलंबून आहे. प्रतिकारशक्ती एकाएकी उलटण्याचा हा प्रकार नव्हे, साधा हिशेब आहे: औषध शरीरात जास्त साठलं की काउंट उतरणार, प्रत्येकाचा उतरणार. हिशेब असल्यामुळेच तो सांभाळता येतो.

हिशेब चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेणं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचं असतं, आणि फॉलिक ॲसिड बाकीच्या दिवसांपैकी काही दिवशी. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळ्या. डोळ्यांना कमी दिसणारे आजोबा, स्ट्रिप कापून देणारा मेडिकलवाला, मागच्या बाजूचं नाव कात्रीत गेलेलं, एवढ्यावर काम होतं. असा एक रुग्ण माझ्यासमोर बसला होता तो तोंड उघडायलाही तयार नव्हता. ओठांच्या आतून जिभेपर्यंत फोड, पाणी गिळवेना. मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर ओतल्या. मेथोट्रेक्सेटच्या दहाच्या स्ट्रिपमधल्या आठ गोळ्या संपलेल्या, आणि घेतलेली तारीख जेमतेम दीड आठवड्यापूर्वीची. सीबीसी हातात यायच्या आधीच निदान समोर पडलेलं होतं. तोंड येणं ही मेथोट्रेक्सेटची पहिली हाक असते. "उष्णता वाढली" म्हणून गुलकंद देऊन ती दाबू नका. विषबाधा झालीच तर उतारा आहे, फोलिनिक ॲसिड. ते नेहमीच्या फॉलिक ॲसिडच्या गोळीपेक्षा वेगळं, आणि जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. म्हणून चुकून रोज गोळी घेतली गेल्याचं लक्षात आलं तर फोड यायची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

दुसरी जागा म्हणजे किडनी. औषध बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. वय वाढलेलं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वर, त्यात उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन पाणी कमी झालं, वर गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या पेनकिलर्स, की नेहमीचाच डोस जड जातो. तिसरी म्हणजे लघवीच्या संसर्गासाठी दिलेलं को-ट्रायमोक्साझोल. तेही फॉलिक ॲसिडचीच वाट अडवतं, शिवाय मेथोट्रेक्सेट बाहेर पडायला अडथळा करतं. ही जोडी मी शक्यतो कुणालाच घेऊ देत नाही. आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर ते औषध नको असं लाल पेनने लिहून ठेवा.

आईसाठी करायचं ते एवढंच. गोळीचा वार ठरवा आणि तो कॅलेंडरवर गोल करा. सुरुवातीच्या महिन्यांत दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिन. एकदा डोस स्थिरावला की दोन-तीन महिन्यांनी. रिपोर्टमध्ये फक्त "नॉर्मल" शब्द न शोधता मागच्या रिपोर्टशी ताडून बघा. पांढऱ्या पेशी ८००० वरून ६००० आणि मग ४२०० झाल्या, तर तिन्ही आकडे छापील मर्यादेत बसतात, पण उतार स्पष्ट आहे. मेथोट्रेक्सेट असा उतार दाखवतं, कार्बिमाझोल सहसा दाखवत नाही.

ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांसाठी एक ओळ लिहितेच, कारण संधिवात, आतड्याचे आजार, किडनी ट्रान्सप्लांट अशा कितीतरी ठिकाणी ते दिलं जातं. काहींच्या शरीरात जन्मतःच ते नीट मोडलं जात नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत त्यासाठी टीपीएमटी (हे औषध मोडणारं एक एन्झाइम) तपासायला सांगतात. आपल्या लोकांत त्याहून एनयूडीटी१५ या जनुकातला बदल जास्त कामाचा ठरतो. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस झुपक्याने गळायला लागले तर शॅम्पू बदलण्याआधी काउंट बघा. आणि युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत आहे याची खात्री करा. त्या जोडीत ॲझाथायोप्रिनचा डोस पावपटीवर आणावा लागतो.

लाल पेशींचं प्रकरण आणखी निराळं. इथे मॅरो बिचारा काम करत असतो, पेशी बाहेर रक्तात फुटतात. मलेरियाच्या व्हायव्हॅक्स प्रकारात यकृतात दडलेले जंतू मारायला प्रायमाक्विन १४ दिवस देतात. ज्यांच्या लाल पेशींत जी६पीडी हे एन्झाइम कमी, त्यांच्या पेशी या औषधाचा ताण सोसू शकत नाहीत. दोन-तीन दिवसांत लघवी कोकाकोलासारखी गडद होते, डोळे पिवळे होतात, हिमोग्लोबिन धाडकन उतरतं. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत जास्त दिसतो. आपल्या भागाशी याचं जुनं नातं आहे. मुंबईच्या पारशी समाजातल्या या कमतरतेवर फार पूर्वी अभ्यास झाले. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला 'जी६पीडी कल्याण' असं नाव मिळालं, आणि १९९२ मध्ये कळलं की तो आणि 'जी६पीडी केरळ' हे एकाच जनुकीय बदलाचे दोन अवतार आहेत. परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या विषयावर वर्षानुवर्षं काम होत आलंय. प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी६पीडी तपासलेलं उत्तम. पेशी फुटून गेल्यावर लगेच तपासलं तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो, कारण कमी एन्झाइमच्या म्हाताऱ्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं.

डॅप्सोनही याच पंगतीतलं. कुष्ठरोगाच्या औषधांत ते असतंच, त्वचेच्या इतरही काही आजारांत देतात. जी६पीडी ठीक असलेल्यांचंही हिमोग्लोबिन त्याने एखाद-दोन ग्रॅमने उतरतं. ते चालण्यासारखं असतं. पण डॅप्सोनचे दोन चकवे लक्षात ठेवा. एक, ओठ आणि नखं निळसर दिसतात, कोविडपासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास आकडा दाखवतो, आणि माणूस मात्र त्या मानाने फारसा धापत नाही. इथे बिघाड फुप्फुसात नसतो. हिमोग्लोबिनचं रूप बदलून मेथहिमोग्लोबिन झालेलं असतं. त्यावर मेथिलीन ब्लू देतात, पण जी६पीडी कमी असेल तर तेच औषध घातक ठरतं. दुसरा चकवा मधुमेह्यांचा. डॅप्सोनमुळे लाल पेशींचं आयुष्य घटतं आणि एचबीए१सी खोटं खोटं छान येतं. साखर २५० आणि तीन महिन्यांची सरासरी ५.८ असं दिसलं की डॉक्टर लॅबवर रागावतात. लॅब बरोबर असते.

प्लेटलेट्सचं थोडक्यात सांगते, नाहीतर हे लांबतच जाईल. मलेरियावरच्या क्विनिनमुळे अंगावर लाल-जांभळे ठिपके उठतात हे १८६५ पासून माहीत आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनच्या इंजेक्शनने पाचव्या ते दहाव्या दिवशी प्लेटलेट्स निम्म्याहून खाली गेल्या तर भीती रक्तस्रावाची कमी आणि गुठळ्या होण्याची जास्त असते. तिथे प्लेटलेट्स चढवण्याची घाई करायची नसते. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी लिनेझोलिड महिनोन्‌महिने चालतं, आणि दहा-चौदा दिवसांनंतर ते प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिन दोन्ही खाली आणू शकतं. पावसाळ्यात मात्र प्लेटलेट्स उतरल्या की सगळे डेंग्यूच्या मागे लागतात, आणि तापाआधी आठवडाभर चालू असलेली गोळी कुणाच्या लक्षात येत नाही. एक आकडा मुळातच खोटा असू शकतो, हेही सांगून ठेवते. काहींच्या प्लेटलेट्स जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात, मशीन त्या मोजत नाही आणि ४० हजार छापून मोकळं होतं. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की गठ्ठे दिसतात, किंवा निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की आकडा नॉर्मल येतो. ना ठिपके, ना हिरड्यांतून रक्त, आणि प्लेटलेट्स ४० हजार असतील, तर औषध बंद करण्याआधी लॅबला स्मिअर बघायला सांगा.

हळू काम करणारी मंडळीही आहेत. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ उतरतं, आणि शाकाहारी घरात ते मुळातच काठावर असतं. पाय बधिर झाले की मधुमेहावर खापर फुटतं. फिटवरच्या फेनिटॉइनने फॉलिक ॲसिड कमी होऊन लाल पेशी मोठ्या होतात. आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या काही भस्मांतून, पुड्यांतून शिसं पोटात गेल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पोट दुखतंय, हिमोग्लोबिन कमी आणि स्मिअरवर लाल पेशींत बारीक निळे ठिपके, असं दिसलं की मी विचारते, "अजून काय घेता?" पहिल्यांदा उत्तर येतं, "काही नाही." दुसऱ्यांदा विचारल्यावर पिशवीतून पुडी निघते. लोक लपवतात असं नाही, ते तिला औषध धरतच नाहीत.

औषधच दोषी आहे हे ठरवायला खास यंत्र नाही. ताळा जुळवावा लागतो. कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, काउंट कधी उतरला, थांबवल्यावर किती दिवसांत वर आला. पुन्हा देऊन बघणं हा सगळ्यात पक्का पुरावा, पण तो आम्ही घेत नाही, कारण दुसऱ्या वेळी पेशी काही तासांत जाऊ शकतात. म्हणून घरात प्रत्येकाची औषधं तारखेसकट एका कागदावर लिहिलेली असावीत, आणि दवाखान्यात जाताना स्ट्रिप्सची पिशवीच उचलून न्यावी. संशय आला म्हणून सगळ्या गोळ्या एकदम थांबवू नका. फिटची गोळी अचानक बंद केली तर त्या दिवशीच फिट येऊ शकते, आणि स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडली तर गुठळी होऊ शकते. काय थांबवायचं, काय बदलायचं, हे ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याशी बोलून ठरवा. कार्बिमाझोल घेत असताना ताप आणि घसा हा त्याला अपवाद, तिथे आधी थांबवा आणि मग फोन करा.

बहिणीला कार्बिमाझोल आता आयुष्यात कधीही नाही, आणि मेथिमाझोल तर तेच. "मग प्रोपिलथायोयुरॅसिल देऊन बघू," असं कुणी सुचवलं तर तेही नको. एकाने झालेला हा त्रास दुसऱ्यानेही होऊ शकतो. तिच्यापुढे दोन रस्ते उरतात, रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) किंवा शस्त्रक्रिया. तोपर्यंत हृदयाचे ठोके प्रोप्रानोलॉलसारख्या गोळीने आवरतात. मूल हवं असेल तर ते आधीच बोला, कारण रेडिओआयोडीननंतर निदान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि गरोदर असताना ते देतच नाहीत. थायरॉइडमुळे डोळे पुढे आले असतील तर तेही सांगा, त्यावरून निवड बदलते. तिच्या पाकिटात एक कार्ड ठेवा: औषधाचं नाव, तारीख, न्यूट्रोफिल २२, "पुन्हा देऊ नये." डिस्चार्ज कार्ड हरवतं.

आणि हे घडल्याची नोंद करा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून. त्याचा अर्ज डॉक्टरांनीच भरावा असं नाही, रुग्ण किंवा घरचेही भरू शकतात. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. अर्जात औषधाचं नाव, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा आणि काउंट विचारतील. ते सगळं तुमच्या हातातल्या कागदांवर आहे. स्ट्रिप फेकली नसेल तर तिच्यावरचा बॅच नंबरही लिहा.